बेटा माशाला दिवसातून किती दाणे, किती वेळा? घरात रोज वाद होतोय

मेहरूणकाठ · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जळगावहून लिहितेय. दीड महिन्यापूर्वी लेकीच्या वाढदिवसाला निळा-लाल फायटर मासा आणला. दुकानदार "बेटा फिश" म्हणाला आणि सासूबाईंनी ते नाव मनावर घेतलं. आता तो घरातला बेटाच झालाय.

अडचण खाण्याची आहे. सकाळी देवपूजा झाली की सासूबाई त्याला चिमूटभर दाणे टाकतात. दुपारी स्वतः जेवायला बसल्या की पुन्हा. लेक शाळेतून आली की तिचा वाटा वेगळा, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर शेवटचा. काचेजवळ कोणीही गेलं की तो पंख फुलवत पुढे येतो, अंग घुसळतो. सासूबाई म्हणतात, "दारी आलेलं कुत्रं आपण उपाशी पाठवत नाही, हा तर घरातला."

पाकिटावर लिहिलंय, पाच मिनिटांत संपेल तेवढं द्या. हा तर कितीही टाकलं तरी दोन मिनिटांत संपवतो! दुकानदार म्हणतो दिवसातून एकदा, शेजारचे म्हणतात दिवसाआड.

चार दिवसांपासून त्याचं पोट सुपारीसारखं फुगलंय. तळाशी टेकून बसतो, श्वासापुरता वर येतो. पाण्याला वासही येतोय. गोल काचेचं भांडं आहे, चारेक लिटरचं. पाणी आठवड्याला सगळं बदलतो. लेक रोज विचारते, बेटा का खेळत नाही? कृपया नीट सांगा.

चोपडेकर · सोमवार, रात्री ९:५२

दोन दाणे सकाळी, दोन संध्याकाळी. विषय संपला.

पांझराकाठ · सोमवार, रात्री १०:१५

चोपडेकर भाऊ, विषय एवढ्यात संपत नाही. दाणा केवढा ते कोण सांगणार? बाजारात १ मिलिमीटरचे बारीक दाणेही मिळतात आणि ३ मिलिमीटरचे लाल-हिरवे जाड दाणेही. ते जाड दाणे गोल्डफिशसाठी असतात, सुट्या पिशवीत सर्रास कोणत्याही माशासाठी विकतात. तसे दोन दाणे फायटरला जड होतात. बारीक असतील तर चार दाण्यांनीही काही बिघडत नाही.

आमच्याकडे धुळ्यात पाच वर्षांत चार फायटर झाले. १ मिलिमीटरचे तीन दाणे सकाळी, तीन संध्याकाळी, आठवड्यातून एक दिवस काही नाही. फायटरचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं असं जुने पाळणारे सांगतात. ते मोजमाप काटेकोर नाही, पण चिमूट घेताना हात आवरायला कामी येतं. ताई, तुम्ही आत्ता एक करा. तुमची चिमूट ताटलीत टाका आणि दाणे मोजा.

मेहरूणकाठ · सोमवार, रात्री १०:३१

मोजले. माझ्या चिमटीत एकवीस. सासूबाईंची चिमूट माझ्याहून मोठी आहे.

साक्रीचा वारा · सोमवार, रात्री १०:३३

ताई, तुना बेटा भुक्या नही शे, तो तुमले वळखस!

गुरांचा डॉक्टर, अमळनेर · सोमवार, रात्री ११:०५

ताई, दाण्यांची चर्चा चालू द्या, आधी माशाकडे बघू. माझं रोजचं काम गाई-म्हशींचं, पण घरात सहा टाक्या आहेत.

त्याला वरून बघा. खवले अंगाला चिकटलेले आहेत की अननसाच्या सालीसारखे उभे राहिलेत? उभे असतील तर तो ड्रॉप्सी, आतले अवयव निकामी व्हायला लागल्याची खूण. ते अवघड प्रकरण असतं. खवले सपाट असतील आणि फक्त पोट पुढे आलं असेल तर बहुतेक वेळा अति खाणं आणि बद्धकोष्ठ. विष्ठा कशी आहे तेही बघा. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर पचन बिघडलंय.

आजपासून तीन दिवस एकही दाणा नको. निरोगी मोठा फायटर आठवडाभरही न खाता राहू शकतो, तेव्हा तीन दिवसांची काळजी सोडा. रोज तीन-चार पेले पाणी काढून तेवढंच मुरवलेलं पाणी घाला, म्हणजे २४ तास उघडं ठेवलेलं, क्लोरीन उडालेलं. सगळं पाणी एकदम बदलणं बंद करा. आणि ऐकीव औषधं टाकू नका.

मेहरूणकाठ · मंगळवार, सकाळी ७:२०

डॉक्टर, बॅटरी मारून वरून पाहिलं. खवले सपाट आहेत. विष्ठा तुम्ही म्हणता तशीच, पांढरा दोरा. आजपासून दाणे बंद. पाकीट फडताळात वर ठेवलंय. सासूबाई बोलत नाहीयेत माझ्याशी.

भुसावळ लोको · मंगळवार, दुपारी २:१०

मला वेगळं सांगायचंय. माझी ड्युटी कधी रात्रीची, कधी पहाटेची. दोन वेळा ठरावीक वेळी खायला देणं मला जमणारच नाही. मी घरी आलो की दिवसातून एकदाच बारीक सात-आठ दाणे, एकेक करून. तीन वर्षं झाली, मासा ठणठणीत. आठवड्याचा उपास मुद्दाम कधी केला नाही. लांबच्या फेरीत आपोआप घडतो तेवढाच. तेव्हा दोनदाच द्या, अमुक वारी उपास ठेवाच, असं बंधन कोणी घालू नये. दिवसभराचं एकूण किती होतं ते बघा.

शिरपूर फिशरूम · मंगळवार, रात्री ८:४५

लोको दादांचं बरोबर आहे, पण एक भर घालतो. मी फायटरची पैदास करतो, रोज दीडशे-दोनशे तोंडं समोर असतात.

हा मासा मुळात भातखाचरांचा, उथळ पाणथळ जागांचा. तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, कारण त्याचं अन्न पाण्याच्या पृष्ठभागावर: पडलेले किडे, डासांच्या अळ्या. तिथे कधी मिळतं, कधी नाही. म्हणून समोर आलं की खायचं, हा त्याचा स्वभाव. पोट भरलं म्हणून तो थांबत नाही. "पाच मिनिटांत संपेल तेवढं" हा नियम गप्पीच्या थव्याला ठीक असेल, फायटरला लावला तर तो फुगणारच. एकदम सात दाण्यांपेक्षा तीन-तीन दोनदा दिलेले बरे पचतात, कारण कोरडा दाणा ओला झाला की फुगतो. एकदाच देणार असाल तर दाणे टाकीतल्या पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवून द्या.

वयाचाही फरक आहे. अंड्यातून निघालेली पिल्लं पोहायला लागली की त्यांना दिवसातून तीन-चार वेळा जिवंत खाणं लागतं. पहिले काही दिवस पाण्यातले सूक्ष्मजीव, मग ताजी फुटलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली कोळंबीसारखी बारीक जीव. ती आम्ही मिठाच्या पाण्यात हवा सोडून २४ ते ३६ तासांत फोडतो. दोन-तीन महिन्यांच्या तरण्या माशाला तीन वेळा थोडं थोडं. पूर्ण वाढलेल्याला एक किंवा दोन वेळा, बस. दुकानातून आणलेला लांब शेपटीचा नर बहुधा पूर्ण वाढलेलाच असतो.

आता पाण्याचं. न खाल्लेला दाणा आणि माशाची विष्ठा कुजून अमोनिया तयार होतो. चार लिटरमध्ये तो पसरायला जागाच नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कलीधर्मी असतं. अशा पाण्यात तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. फिल्टरच्या स्पंजवर काही आठवड्यांत जिवाणू वाढतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. तुमच्या भांड्यात फिल्टर नाही, आणि सगळं पाणी ओतलं की काचेवर थोडे जमलेले जिवाणूही जातात. कमीत कमी १५-२० लिटरची टाकी आणि हळू चालणारा स्पंज फिल्टर घ्या. मासा त्याच दाण्यांवर वेगळा दिसायला लागेल.

केळीबाग रावेर · मंगळवार, रात्री ९:३०

दाणे कशाला पाहिजेत भो? मे महिन्यात कुलरच्या टाकीत डासांच्या अळ्या वळवळत असतात. चहाच्या गाळणीने काढून द्यायच्या. माझा फायटर त्यावरच वाढला, रंग असा चढला की लोक विचारायचे काय खायला देतो.

दुसरं एक विचारायचंय. बदामाचं वाळलेलं पान टाकीत टाकतात, तसं केळीचं चालतं का? आमच्याकडे पानांना तोटा नाही.

निवृत्त आरोग्यसेवक · मंगळवार, रात्री १०:१२

रावेरचे भाऊ, तळमळीने सांगतो. अळी हे फायटरचं नैसर्गिक अन्न, ते खरं. पण मी उभी नोकरी घरोघरी माठ, टाक्या, कुलर तपासण्यात घालवली. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आपल्याकडे नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येतं, म्हणून प्रत्येक घरात साठवण असते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून आम्ही घसा कोरडा करत फिरायचो, तो याच हिशेबाने. माशासाठी म्हणून अळ्या वाढवायला ठेवल्या आणि दोन दिवस विसरलात, तर आख्ख्या गल्लीला ताप.

आणखी एक. ज्या पाण्यात अळीनाशक टाकलंय, त्यातल्या अळ्या माशाला कधीही देऊ नका. गटारातला ट्यूबिफेक्स, म्हणजे दोऱ्यासारखा लाल किडा, तोही नको, तो कुठल्या घाणीत वाढला ते कळत नाही.

केळीबाग रावेर · मंगळवार, रात्री १०:२५

काका, पटलं. अळी दिसली तर गाळून देईन, मुद्दाम वाढवणार नाही. कुलरही दर रविवारी कोरडा करीन.

शिरपूर फिशरूम · मंगळवार, रात्री १०:४०

रावेर भाऊ, केळीचं वाळकं पान थायलंडमध्ये वापरतात. पण तुमच्या बागेत फवारणी होते ना? त्या पानावरचं औषध पाण्यात उतरलं तर मासा सकाळपर्यंत राहणार नाही. परसात बिनफवारणीचं झाड असेल तर झाडावरच पूर्ण वाळलेलं पान, धुऊन.

नंदुरबारचे सर · बुधवार, सकाळी ६:५०

मेहरूणकाठ ताई, तुमच्या लेकीला हे सांगा, तिला आवडेल. बेटा मूळचा थायलंडचा. तिकडे त्याला "प्ला कात" म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. बेटा स्प्लेंडेन्स हे शास्त्रीय नाव १९१० मध्ये रीगन या मत्स्यशास्त्रज्ञाने दिलं. कल्ल्यांच्या वर त्याला एक घडीघडीचा अवयव असतो. त्याने तो थेट हवेतला श्वास घेतो, म्हणून तोंड वर काढतो. शाळेत मी मुलांना भांड्याभोवती बसवतो आणि मिनिटात किती वेळा वर येतो ते मोजायला लावतो. भांडं काठोकाठ भरू नका, वर हवेला जागा हवी. झाकण मात्र असू द्या, हा उडी मारतो.

शाळेत खाण्याची पाळी मुलांना वाटून दिली आहे. पूर्वी प्रत्येक मूल गुपचूप दाणा टाकायचं आणि पहिला मासा त्यातच गेला. तिसरीतली पोरगी दोन दिवस रडत होती. तेव्हापासून फळ्याच्या कोपऱ्यात खडूने रेघ: आज दिलं. रेघ दिसली की कोणी हात लावत नाही.

बोदवडची सून · बुधवार, सकाळी ११:१८

उकडलेला वाटाणा सोलून द्यायचा ना पोट फुगल्यावर? मी सगळीकडे हेच वाचलंय.

गुरांचा डॉक्टर, अमळनेर · बुधवार, दुपारी १:३०

तो उपाय गोल्डफिशकडून फायटरकडे आला. गोल्डफिश वनस्पती खातो, त्याला वाटाणा मानवतो. फायटर मांसाहारी आहे, वाटाणा त्याला नीट पचत नाही. काहींच्या माशांना गुण आला असं सांगतात, पण माझ्या मते त्यात तीन दिवसांच्या उपवासाचा वाटा मोठा असतो. उपवासानंतर काही द्यायचंच तर डॅफ्निया, म्हणजे पाण्यातली बारीक पिसवेसारखी जीव, द्या. तिच्या कवचाने पोट साफ व्हायला मदत होते.

नदीवर पुण्य म्हणून आपण कणकेच्या गोळ्या टाकतो, त्या रोहूसारख्या माशांना चालतात. फायटरला कणीक, भात, मुरमुरे, शेव काहीही नको.

साक्रीचा वारा · बुधवार, दुपारी १:४१

शेव पण नाही? मग हा खान्देशात राहणार कसा!

चाळीसगावची माहेरवाशीण · बुधवार, रात्री ९:०५

माझा अनुभव सांगते, अजून मनातून जात नाही. दोन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, आठ दिवस. मासा शेजारच्या काकूंकडे ठेवला. त्यांनी मायेने रोज मूठभर टाकलं. मी आले तेव्हा पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि तो तरंगत होता. काकू माझ्याआधी रडल्या. त्यांना काय बोलणार? सांगून मीच गेले नव्हते. उन्हाळ्यात अन्न किती झपाट्याने कुजतं, हेही तेव्हा ठाऊक नव्हतं.

नंतर कोणीतरी युक्ती सांगितली. औषधांच्या गोळ्यांची आठवड्याची डबी मिळते ना, सोम-मंगळ-बुध खणांची, त्यात दाणे मोजून ठेवायचे. देणाऱ्याने फक्त त्या वाराचा खण उघडायचा. गेल्या आखाजीला सहा खण भरून दिले, एक रिकामा ठेवला. परत आले तर मासा तसाच टवटवीत. दोन-चार दिवसांसाठी जायचं असेल तर काहीच देऊ नका, तेच सगळ्यात सुरक्षित.

चोपडेकर · बुधवार, रात्री ९:२२

डबीची युक्ती झकास! आणि दाणे फ्रीजच्या दारात घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवत जा. आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेल्या दाण्याला खवट वास येतो. विकत घेताना घटकांत पहिलं नाव मासळी, कोळंबी किंवा किड्यांचं असेल ते पाकीट घ्या, गव्हाचं पीठ पहिलं असेल ते नको.

मेहरूणकाठ · गुरुवार, संध्याकाळी ७:१५

तीन दिवस झाले. पोट थोडं उतरलंय, पाण्याचा वास गेलाय. पण अजून तळाशीच बसतो, सकाळी तर हलतच नाही. दुपारी उन्हाची तिरीप आली की जरा फिरतो. डॉक्टर, खायला सुरू करू का?

शिरपूर फिशरूम · गुरुवार, संध्याकाळी ७:४०

थांबा. दुपारी फिरतो म्हणालात, तिथे अडलो. पाण्याचं तापमान किती? हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. डिसेंबर चाललाय.

मेहरूणकाठ · शुक्रवार, सकाळी ७:०५

थर्मामीटर आणला. आत्ता १८ अंश आहे. भांडं खिडकीत आहे.

शिरपूर फिशरूम · शुक्रवार, सकाळी ७:३०

हेच ते. फायटरला २५ ते २८ अंश लागतात. त्याचं रक्त पाण्याइतकंच गार होतं आणि पचनही तेवढंच मंद. मे महिन्यात जे दाणे सहज जिरले असते, तेच १८ अंशांत पोटात पडून राहतात. वरून रोज चार चिमट्या.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं. पाणी २६च्या आसपास असेल तर बारीक तीन दाणे दोन वेळा. २२च्या खाली गेलं तर एक वेळ, दोन-तीन दाणे. २०च्या खाली काहीच नको, आधी पाणी उबदार करा. हीटर लावा, पण भांड्यात नाही, टाकी आल्यावर. गरम पाणी ओतू नका, एकदम तापमान बदललं तर मासा धक्क्याने जातो. आज भांडं खिडकीतून आतल्या भिंतीशी हलवा, बाहेरून जाड टॉवेल गुंडाळा.

गुरांचा डॉक्टर, अमळनेर · शुक्रवार, सकाळी ८:१०

शिरपूर भाऊंशी पूर्ण सहमत. तापमान विचारायचं माझ्याकडूनही राहिलं. खाणं पाणी उबदार झाल्यावरच.

मेहरूणकाठ · पुढचा शुक्रवार, रात्री ९:२०

मंडळी, उशिरा लिहितेय, पण सगळं लिहिते.

शनिवारी २० लिटरची टाकी, स्पंज फिल्टर आणि हीटर आणला. दुकानदाराने ५० वॅटचा दिला. दीड दिवस लावून पाणी हळूहळू २६वर आणलं. रविवारी संध्याकाळी भिजवलेला एक दाणा दिला, खाल्ला. सोमवारी दोन. मंगळवारी पोट पूर्ण बसलं आणि तो लेकीच्या बोटामागे काचेवर इकडून तिकडे पोहला. ती शाळेत जायला तयार होईना.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. पाणी, अमोनिया, तापमान सगळं समजावून झालं, त्यांच्या गळी उतरत नव्हतं. काल मार्गशीर्षातला गुरुवार आला. त्यांचा कडक उपास असतो. लेक म्हणाली, "आजी, तू आज जेवत नाहीस, मग तुला बरं वाटतं ना? बेटाला पण एक दिवस तसाच हवा असतो." सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "उपास आहे होय त्याचा? मग तसं सांगायचं. उपाशी ठेवायचंय म्हणत होतात."

आता त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीशेजारी दुसरी डबी आहे. सकाळी आपली गोळी घेतात, मग चष्मा लावून बेटाचा खण उघडतात आणि तीन दाणे एकेक करून टाकतात. दुसरा खाल्ल्याशिवाय तिसरा टाकत नाहीत. संध्याकाळचे तीन लेकीकडे. गुरुवारचा खण रिकामा. रात्री त्या उपास सोडायला बसल्या तेव्हा टाकीकडे वळून म्हणाल्या, "तुझं उद्या सकाळी."

फक्त एक विचारायचंय. २० लिटरला ५० वॅटचा हीटर जास्त तर होत नाही?

शिरपूर फिशरूम · शुक्रवार, रात्री ९:४८

आपोआप बंद होणारा असेल तर चालेल. एरवी २५ वॅट पुरतो. थर्मामीटर हीटरच्या विरुद्ध टोकाला लावा, आणि पाणी बदलताना हीटर आधी बंद करून पंधरा मिनिटं थांबा. गरम काच उघडी पडली तर तडकते.

मेहरूणकाठ · शुक्रवार, रात्री ९:५५

आपोआप बंद होतो. थर्मामीटर आत्ताच हलवते.